लोरेनने काय मागितलं

इल्फर्ड,
१९ ऑक्टोबर २०२३

आशू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे न उघडताच बाजूला टाकशील अशी भीती वाटते. टाकू नकोस. तुझा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता आणि मोबाइल पोलिसांनी नेलाय. बाबांचाही नेलाय. पत्ता तेवढा पाठ आहे, मायराला वाढदिवसाची कार्डं पाठवून पाठवून.

मंगळवारी दुपारी आपल्या दुकानात एक बाई गेली. गेली म्हणजे वारली. चोरी करताना बाबांनी तिला पकडलं होतं, पोलीस येईपर्यंत थांबवून ठेवलं होतं. तेवढ्यात तिला दम लागला आणि ती कोसळली. बाबांनीच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. गुडघे टेकून तिची छाती दाबत राहिले, पॅरामेडिक आले तरी बाजूला होईनात. मी मागच्या खोलीत होते, औषधांची खोकी उघडत. आवाज ऐकून बाहेर आले.

त्याच संध्याकाळी त्यांना नेलं. दुसऱ्या दिवशी सोडलं, पण चौकशी चालू आहे. ती डिटेक्टिव्ह बाई 'मॅनस्लॉटर', मनुष्यवध, हा शब्द इतक्या सहज बोलली की मला वाटलं, ती दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतेय. बाबांचं फार्मसीचं रजिस्ट्रेशन तात्पुरतं थांबवलंय. दुकान बंद आहे. ते जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून असतात. वरही येत नाहीत आणि खालीही जात नाहीत. जेवायला हाक मारली की 'हो' म्हणतात आणि तिथेच बसून राहतात.

तू म्हणाली होतीस, त्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. नको ठेवूस. मागच्या गल्लीतून सरळ वर घरात ये. रीडिंगहून ट्रेनने दीड तासही लागत नाही. नकुलरावांना मायराला सांभाळायला सांग आणि एक दिवस ये. नाहीतर लँडलाइनवर फोन कर, तो नंबर जुनाच आहे.

मला इथे बोलायला कुणी नाही, आशू.

तुझी आई


६ नोव्हेंबर

आशू,

काल तुझा फोन आला. "लोरेन होती ना?" एवढंच विचारलंस. मी हो म्हटलं आणि तू ठेवून दिलास.

पत्रात तिचं नाव लिहिलं नाही, कारण लिहवलं नाही. 'एक बाई' असं लिहिलं की जरा श्वास घेता येत होता. तुला इंटरनेटवर वाचून कळावं, हे चुकलंच.

तुला जी लोरेन आठवते ती शनिवारी तुला गल्ल्यावर उभी करून हिशेब शिकवणारी, तुझ्या वेण्या घालणारी, ए-लेव्हलच्या निकालाच्या दिवशी तुला मागच्या खोलीत घेऊन बसलेली. तू घर सोडल्यानंतरची लोरेन तुला माहीत नाही. आमच्याकडची नोकरी गेली ते माहीत आहेच. सर्जरीतल्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन्स थेट ऑनलाइन फार्मसीकडे पाठवायला सुरुवात केली, लोकांना औषधं घरपोच यायला लागली, आणि आपल्याकडे फक्त पॅरासिटामॉल घेणारी म्हातारी माणसं उरली. बाबांनी तिला सांगितलं त्या दिवशी दोघंही रडले होते.

मग ती डॅगनमच्या एका वेअरहाऊसमध्ये लागली, एजन्सीमार्फत. सकाळी फोनवर मेसेज आला तर काम, नाहीतर घरी. तिथल्या धुळीने तिचा दमा बळावला. दम्याने सुट्ट्या पडल्या आणि सुट्ट्या पडल्या म्हणून मेसेज येईनासे झाले. तिची केली आठवते ना, ती तुझ्यापेक्षा लहान, शाळा सुटली की काउंटरखाली बसून रंगवायची? तिला बाळ झालं. बाळाचा बाप गेला. त्या दोघी आणि बाळ एका खोलीत राहत होते, कौन्सिलने दिलेल्या.

लोरेन बाळाच्या दुधाचे डबे नेत होती.

तू हे वाचून म्हणशील, मग काय झालं? नेऊ द्यायचे. आशू, तू इथे नव्हतीस. आधी कोण चोरायचं? एखादा नशेतला माणूस, डोळे बघून कळायचं. आता कळत नाही. रस्त्यावरची बँक गेली, लायब्ररीचे तास कमी झाले, कोपऱ्यावरचं फर्निचरचं दुकान जाऊन तिथे व्हेप विकायला लागले. त्याच काळात आपल्याच गिऱ्हाइकांच्या बॅगांमधून सामान जायला लागलं. ज्या आजीला बाबा फ्लूची लस देत, तिच्या पिशवीत टूथपेस्ट सापडली. आणि त्यांच्याबरोबरच दुसरेही आले, ऑर्डर घेऊन चोरणारे. मोठी पिशवी उघडून शेल्फच्या शेल्फ आत ढकलायचे आणि बाबांकडे बघून हसत बाहेर जायचे. पोलिसांना फोन केला की ऑनलाइन रिपोर्ट भरा म्हणायचे. भरला की ईमेल यायचा, तपास बंद करत आहोत. एकाने स्क्रू-ड्रायव्हर काढला होता. तो बाबांच्या गळ्याला लावला तेव्हा मी शेजारी होते. हे तुला सांगितलं नव्हतं. आपण बोलत नव्हतो.

त्यानंतर बाबांनी दाराला मॅग्नेटचं कुलूप बसवलं. काउंटरखाली बटण. दाबलं की दार आतून उघडत नाही.

त्याच्याही आधी, दारावर लावलेल्या चोरांच्या फोटोंवरून तू त्यांच्याशी भांडलीस. प्रॅम घेतलेल्या त्या मुलीचा फोटो तू स्वतः फाडलास. "बाबा, तुम्ही हिला चोर म्हणून रस्त्यावर टांगलंय, उद्या हिचं बाळ हे बघेल," म्हणालीस. ते म्हणाले, "माझं दुकान आहे, तुला चालत नसेल तर येऊ नकोस." तुम्ही दोघं एकाच हाडाचे. तू पुन्हा आली नाहीस आणि त्यांनी फोटो आणखी वाढवले. आपल्या रस्त्यावरच्या दुकानदारांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, दिवसभर त्यात चेहरे यायचे. जेवतानाही ते चेहरेच बघत बसायचे. मी म्हणायचे, अहो, घास थंड होतोय.

आणि मग एक दिवस कॅमेऱ्यात त्यांना लोरेन दिसली. ते काही बोलले नाहीत. ती पुन्हा यायची वाट बघत राहिले.

त्या दुपारी त्यांनी ते बटण दाबलं होतं. पहिल्या पत्रात मी 'थांबवून ठेवलं' असं लिहिलं, त्याचा अर्थ हा.

तू फोन ठेवू नकोस, बोल. शिव्या दे, पण बोल.

आई


३ डिसेंबर

आशू,

शुक्रवारी लोरेनचे अंत्यसंस्कार झाले. आम्ही गेलो नाही, जाणार तरी कोणत्या तोंडाने. दुकानाच्या शटरपाशी लोकांनी फुलं ठेवली आहेत. आणि त्याच दाराच्या फटीतून दुसरे लोक चिठ्ठ्या टाकतात. 'तुम्ही बरोबर केलंत.' 'पोलीस करत नाहीत ते कुणीतरी करायला हवं होतं.' एकाने लिहिलं, 'एक कमी झाली.' मी ती चिठ्ठी फाडून टॉयलेटमध्ये टाकली. बाकीच्या बाबांनी फ्रीजवर लावल्या.

हो. लावल्या. मला ते बघवत नव्हतं, पण त्या दिवशी ते पहिल्यांदा पोटभर जेवले, म्हणून मी गप्प बसले. पलीकडचा मोबाइल दुरुस्तीवाला रस्त्यात त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "अंकल, आम्ही सगळे तुमच्या मागे आहोत." बाबा घरी येऊन म्हणाले, "बघ, लोकांना कळतं." मला त्यांचा चेहरा ओळखू येईना. हा माणूस पेन्शनर म्हाताऱ्यांच्या घरी स्वतः चालत औषधं पोचवायचा, आशू. तुझे बाबा.

काल दुपारी बेल वाजली. मी खिडकीतून बघितलं तर केली, बाळाला प्रॅममध्ये घेऊन. बाबा आत झोपले होते. मी खाली गेले. वाटलं, थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

"मी भांडायला आले नाही," ती म्हणाली. "पोलिसांनी यायला मनाई केली आहे. पण तुम्ही मला लहानपणापासून ओळखता, म्हणून आले. मला एकच विचारायचंय."

मी तिला मागच्या गल्लीतल्या पायरीवर बसवलं आणि चहा आणला. तिचे हात लोरेनसारखे आहेत, लाल, फुटलेले.

"तुम्ही होतात ना तिथे?"

"मी मागच्या खोलीत होते," मी म्हटलं.

"माझी मम काही बोलली का? तिला कळलं होतं का, काय होतंय ते? ती घाबरली होती का? मला रात्रभर तेच दिसतं. ती कुणाला तरी हाक मारतेय आणि कुणी येत नाही."

मी म्हटलं, "नाही ग. सगळं एका क्षणात झालं. ती काही बोललीच नाही."

केलीने डोळे मिटले. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि म्हणाली, "थँक्यू. थँक्यू, मिसेस परचुरे. आता झोप लागेल मला."

ती गेल्यावर मी वर येऊन बाथरूमचं दार लावून घेतलं. तो थँक्यू कुठे ठेवू ते कळत नाही.

ये ना ग.

आई


११ जानेवारी २०२४

आशू,

हे पत्र तू एकटी असताना वाच. नकुलरावांसमोर नको.

मी मागच्या खोलीत नव्हते.

मी काउंटरच्या मागे उभी होते, बाबांच्या डाव्या हाताला. कॅमेरा दार दाखवतो, शेल्फ दाखवतो, फ्लूच्या लशीसाठी ठेवलेली खुर्ची दाखवतो. काउंटरच्या मागचं दाखवत नाही. आणि त्यात आवाज येत नाही. पोलिसांकडे जे आहे त्यात बाबा काउंटरबाहेर येऊन हाताची घडी घालून उभे आहेत, लोरेन खुर्चीत बसलेली आहे, पुढे वाकली आहे, खांदे हलतायत. रडतेय असं वाटतं. बाबांनी पोलिसांना तेच सांगितलं. "मला वाटलं ती रडतेय, ती एक शब्द बोलली नाही."

ती बोलली. सगळं सांगते.

ती दारापाशी पोचली आणि बाबांनी बटण दाबलं. तिने एकदा दार ओढलं आणि वळली. तिने लगेच कोटातून डबा काढून काउंटरवर ठेवला. म्हणाली, "शशी, मला माफ कर. हा घे. मला जाऊ दे, केली वाट बघतेय."

बाबा म्हणाले, "इतकी वर्षं तुला घरातलं माणूस मानलं. बाकीच्यांनी चोरलं तर मला काही वाटत नाही. तू?"

"मी तोंड दाखवू शकत नव्हते. मागायला लाज वाटली."

"चोरायला नाही वाटली?"

त्यांनी पोलिसांना फोन लावला. पोलीस म्हणाले, गाडी मोकळी झाली की पाठवतो. लोरेन खुर्चीत बसली. आधी रडतच होती. मग तिचा श्वास वाजायला लागला. तो आवाज मी ओळखते, हिवाळ्यात दुकानात काम करतानाही तिला तसं व्हायचं. तिने माझ्याकडे बघितलं. मला ती सू म्हणायची, तुला आठवत असेल. म्हणाली, "सू, माझा पंप संपलाय. निळा पंप दे ना."

मी म्हटलं, "अहो, तिला पंप द्या."

"नाटक आहे," बाबा म्हणाले. "मागच्या आठवड्यात त्या दुसऱ्या बाईने फिट आल्याचं सोंग केलं होतं, दार उघडल्याबरोबर पळाली. मी आता फसणार नाही."

"अहो, ही लोरेन आहे. तिला खरंच दमा आहे. तुम्हीच तर द्यायचात औषध."

"वर्षभरात एकदा तरी आली का पंप न्यायला? दमा असता तर आली असती."

आली नव्हती. प्रिस्क्रिप्शनचे पैसे भरायला लागतात म्हणून आली नव्हती, हे नंतर, त्या दिवशी पायरीवर, केलीकडून कळलं. तेव्हा मला माहीत नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं.

मी ड्रॉवरकडे गेले. माझ्या मागेच होता, हात लांब केला की मिळेल असा. बाबांनी नुसतं म्हटलं, "सुप्रभा. थांब." ओरडले नाहीत, हात धरला नाही. आणि मी थांबले.

लोरेन पुन्हा म्हणाली, "प्लीज." मग ती नुसते ओठ हलवायला लागली.

तिचे ओठ निळे पडले तेव्हा बाबांना कळलं. मग ते वेड्यासारखे धावले. ड्रॉवर अख्खा ओढून काढला, पंप तिच्या तोंडाला लावला, दाबला, दाबला, पण आत काही जातच नव्हतं. "लोरेन, ब्रीद. लोरेन!" असं ओरडत होते. पुढचं तुला माहीत आहे.

आता आजचं ऐक. मी आज बाबांबरोबर त्यांच्या वकिलीण बाईंकडे, मिस अडेयेमींकडे गेले होते. बाबा बाहेर गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "मी त्यांची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही मला काही सांगू नका. फक्त कायदा काय आहे तो सांगते. या केसमध्ये नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला बायकोला कुणी भाग पाडू शकत नाही. द्यायची की नाही, ते तुमच्यावर आहे." त्यांचं म्हणणं, पोलिसांकडे चित्र आहे, पण ती बोलली की नाही हे कुणालाच माहीत नाही. त्यावर सगळी केस अडली आहे. कदाचित उभीच राहणार नाही.

घरी येताना बसमध्ये बाबा मला म्हणाले, "बरं झालं ती काही बोलली नाही. बोलली असती तर मी दिला नसता का पंप?"

ते खोटं बोलत नव्हते, आशू. त्यांना खरंच तसं वाटतं. त्यांनी ते स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यांच्या डोक्यात ती गप्पच बसलेली आहे. तिचा आवाज फक्त माझ्याकडे उरलाय. मी काय करू ते सांग. तू नेहमी म्हणायचीस की तुम्ही लोक बघता आणि गप्प बसता. आता सांग.

आई


२६ जानेवारी

आशू,

तुझा फोन आला तेव्हा बाबा समोरच होते, म्हणून मी नुसतं हो-नाही करत राहिले. आता लिहिते.

मला वाटलं होतं तू म्हणशील, आई, खरं सांग. तू रडलीस. म्हणालीस, "आई, ते पासष्ट वर्षांचे आहेत. आत मरतील. लोरेन परत येणार नाही. तुला कुणी जबरदस्ती करू शकत नाही ना? मग प्लीज, काही बोलू नकोस." तू दोन वर्षं त्यांच्याशी बोलली नाहीस, आणि त्यांना वाचवायची वेळ आली तेव्हा लहान मुलीसारखी झालीस. मला बरं वाटलं. खरंच सांगते, फोन ठेवल्यावर मला किती तरी दिवसांनी बरं वाटलं की तुझं त्यांच्यावर इतकं प्रेम आहे.

तुझं ऐकायचं असं मी ठरवलं होतं. मंगळवारी सकाळी भाजी आणायला बाहेर पडले. बाजारात केली दिसली. तिने मला लांबूनच हात केला. जवळ येऊन म्हणाली, "मला आता झोप लागते. मी बाळालाही सांगणार आहे मोठा झाल्यावर, की तुझ्या आजीला काही त्रास झाला नाही, मिसेस परचुरे तिथे होत्या." आणि तिने बाळाला माझ्याकडे दिलं, क्षणभर घ्या म्हणून, तिला पिशवी नीट करायची होती.

मी बाळ परत दिलं आणि तिला म्हटलं, "केली, इथे बस. मी तुझ्याशी खोटं बोलले."

तिथल्या बाकावर सगळं सांगितलं. लोरेनने माझं नाव घेऊन मागितलं, हेही. ती ओरडली नाही. उठली, प्रॅम वळवली आणि चार पावलं जाऊन थांबली. तिथूनच म्हणाली, "मग तुम्ही का नाही दिलात?"

मी भाजीची पिशवी बाकावरून उचलली.

तिथून मी पोलीस स्टेशनला गेले. आधी मागच्या खोलीत होते असं खोटं सांगितलंत म्हणून तुमच्यावरही केस होऊ शकते, असं त्या डिटेक्टिव्ह बाईने सांगितलं. मी म्हटलं, लिहून घ्या.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते भांडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "ती बोलली?"

"हो."

"काय म्हणाली?"

"निळा पंप दे म्हणाली. तुम्ही नाटक आहे म्हणालात."

ते उठले. मग स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजवरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या, कचऱ्यात टाकल्या आणि हॉलमध्ये सोफ्यावर जाऊन आडवे झाले. तेव्हापासून ते तिथेच झोपतात. माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.

तूही आता बोलणार नाहीस, हे मला कळतंय. तरी लिहिते आहे.

आई


३० मार्च २०२५

आशू,

गेल्या वर्षभरात पाठवलेल्या एकाही पत्राचं उत्तर आलं नाही, तरी हे पाठवते आहे. हे माझ्यासाठी नाही.

तू कोर्टात आली होतीस हे मला माहीत आहे. वर गॅलरीत शेवटच्या रांगेत, केस कापलेले. बाबांनी गुन्हा कबूल केला तेव्हा तू मान खाली घातलीस. मला साक्ष द्यावी लागली नाही. त्यांनी त्याआधीच कबूल केलं. वकिलीण बाई म्हणत होत्या, लढून बघू, बायकोने आधी वेगळं सांगितलं होतं हे ज्युरीसमोर मांडता येईल. बाबा त्यांना म्हणाले, "ती खोटं बोलत नाहीये." माझ्याशी नाही, पण माझ्याबद्दल ते एवढं एक वाक्य बोलले. मी ते दारामागून ऐकलं.

तीन वर्षांची शिक्षा झाली. अर्धी आत काढावी लागेल असं म्हणतात. केली कोर्टाबाहेर माझ्या शेजारून गेली, थांबली नाही. शिक्षेने तिला काही मिळालं असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

दुकान गेलं. तिथे आता पार्सलं घ्यायचे लॉकर लावलेत, आत माणूसच नसतो. मी वरच्या घरात जूनपर्यंत राहीन, मग बार्किंगला एक खोली बघितली आहे. फूड बँकेत आठवड्यातून दोनदा जाते, पिशव्या भरायला. तिथे येणाऱ्यांत आपल्या दारावर फोटो लागलेल्या दोघी आहेत. त्या मला ओळखतात. मी मान खाली घालून दूध देते, त्या मान खाली घालून घेतात.

आता कामाचं. तुरुंगात ज्यांनी भेटायला यायचं त्यांची नावं कैद्याने द्यावी लागतात. बाबांनी माझं नाव दिलेलं नाही. मी तीनदा विचारलं. तुरुंगातल्या पाद्रीने, चॅप्लिनने, फोन करून सांगितलं की त्यांनी एकच नाव दिलंय, तुझं. त्यांना वाटतं तू येणार नाहीस, म्हणून तुला कळवू नका असंही बाबा म्हणाले. तरी मी कळवते आहे.

त्यांचं वजन फार उतरलंय म्हणे. जेवणाच्या वेळी खोलीबाहेर येत नाहीत. चॅप्लिन म्हणाले, ते कुणाशीच बोलत नाहीत, फक्त ज्यांना दम लागतो किंवा छातीत दुखतं त्यांच्यासाठी दिवसभर बेल वाजवत राहतात, गार्ड वैतागेपर्यंत. माणसाचं असं होऊन चालणार नाही, आशू. त्यांना कुणीतरी हवंय, आणि ती मी नाही.

तू जा. पासपोर्ट ने, नाहीतर ते आत सोडत नाहीत. फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मायराला आजोबा तशा जागी दाखवायचे नसतील, आणि ते बरोबरच आहे, आणि नकुलरावांना शनिवारी ऑफिस असेल, तर तिला घेऊनच ये. गेटसमोर एक व्हिजिटर सेंटर आहे, खेळणी आहेत, मी बघून आले आहे. मी तिथे बाहेर बसून राहीन. तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही, माझ्याकडे बघावंही लागणार नाही. तू नुसता तिचा हात माझ्या हातात दे आणि आत जा.

आई